तीन बोटांचं जाळं

समजा, मुलांनो, तुमच्या मांडीवर तागाचं मोठं फेकजाळं पसरलंय, हातात बांबूची सुई आहे आणि शेवटची गाठ तेवढी राहिली आहे. ती आवळा. दोरा दातानं तोडा. दहा वर्षांच्या कडूबाईनं अगदी तसंच केलं आणि जाळं उचलून ती बाहेर आली.

जाळं तिच्या बापाचं. सिंदफणेकाठच्या भोईआळीतला तो सर्वांत धिप्पाड माणूस. मागच्या दिवाळीत मानमोडीचा ताप आला आणि तीन दिवसांत तो गेला. तेव्हापासून माय बाजारातल्या भट्टीवर चणे भाजायला जाई, आणि कडूबाई दिवसभर घरात एकटी. उंदरांनी जाळ्याला भगदाड पाडलं होतं. ते सांधण्यात तिचा सगळा चैत्र गेला.

गंगेतले, म्हणजे गोदावरीतले, मासे सिंदफणेत चढणीला लागले, की बाप तिला खांद्यावर बसवून नदीवरच्या आपल्या खडकापर्यंत न्यायचा. जाळ्याचं एकेक भोक दाखवून म्हणायचा, “फास तीन बोटांचा धरायचा. बारकी सुटून गेली पायजेत. पुढल्या साली तीच येत्यात.”

आळीचा रिवाज असा, की हंगामाआधी प्रत्येक घरानं आपलं जाळं कोरड्या पटांगणात फेकून दाखवायचं. ते गोल पडलं, तर नदीवरची जागा त्या घराकडे राहायची. नाही पडलं, तर ती दुसऱ्याला जायची.

त्या दिवशी पटांगणात कडूबाईचा चुलता बिभीषण यानं तिच्या घराचं जाळं खांद्यावर घेतलं, कंबरेतून वळून सोडलं. एका अंगाला ते आखडूनच पडलं.

“जाळं हाय का फकिराची झोळी बे?” शेजारचा म्हाळू हसला. “खडकावरची जागा औंदा आमाला सोड. त्या घरात गडी कोण हाय आता?”

बिभीषण उकिडवा बसला. नव्या गाठींवरून त्यानं अंगठा फिरवला.

“कडू, फास किती बोटांचे धरले?”

“तीन. बा म्हणायचा तसेच.”

“कुणाची तीन?”

तिनं आपला हात पुढं केला. माणसं हसली. बिभीषण हसला नाही.

“आगं येडे, ज्यानं विणलं त्याची बोटं धरायची असत्यात.” त्यानं आपली तीन बोटं एका जुन्या फासात घातली. बोटं किडकिडीत, फास सैलच राहिला. “माझ्यानं बी जमायचं न्हाई. दादाचा हात लई रुंद.”

“मग कशापायी फेकलंस?” म्हाळूनं विचारलं.

“पहिला पाऊस पडंपर्यंत परत फेकायची मुदत हाय,” बिभीषण त्याच्याकडे न पाहता म्हणाला. मग कडूबाईला हळू म्हणाला, “न्हाई जमलं तर जाळं मोडून दोरा काढू. रडायचं न्हाई.”

माणसं पांगली. कडूबाईनं जाळं ओढत दारात आणलं.

बरेच दिवस झाले, बापाचा चेहरा तिला नीट आठवत नव्हता. मिशा आठवायच्या, मुंडासं आठवायचं. डोळे आठवायला गेलं की निसटायचे. मायला हे तिनं सांगितलं नव्हतं.

तिनं एका जुन्या फासात हात घातला. तिची चार बोटं आत गेली, तरी थोडी जागा उरली. शेजारच्या फासात घातला. तिथंही तेवढीच जागा उरली. त्याच्या शेजारीही. जाळ्याच्या पार काठापर्यंत ती एकेक फास असा बघत गेली.

मग विळा आणून तिनं महिनाभराच्या आपल्या सगळ्या गाठी कापून टाकल्या. सरपणातून बाभळीची एक चपटी ढलपी काढली आणि जुन्या फासात घालून पाहिली. ढलपी किंचित रुंद होती. ती बापाच्या तीन बोटांएवढी झाली, की तिच्यावरच नवे फास धरता येणार होते.

ऊन अजून अंगणात होतं. कडूबाई उंबऱ्याजवळच्या दगडाशी बसली आणि ढलपी घासू लागली. थोडी घासायची, फासात घालून पाहायची, पुन्हा घासायची.