उघाडीच्या फळीला चार खुंट्या

मी फळी बोलतेय. दार उघडलं की दाराआड जाते ना, तीच. दार लावल्यावर दिसते, पण तेव्हाही अंगावरचे कपडे बाजूला सारल्याशिवाय माझं तोंड कुणाला दिसायचं नाही. चार खुंट्या आहेत मला. आत्ता पहिलीवर पांढरी टोपी आणि पंचा आहे, दुसरीवर सुती पातळ, तिसरीवर छत्री आणि देवळात न्यायची पिशवी, चौथीवर निळा शर्ट. शर्ट ओला आहे. सगळे ओलंच आणून टाकतात हो माझ्या अंगावर. दमले मी. पण दमलेल्या जिवालाही एकदा आपलं सगळं सांगावंसं वाटतं, म्हणून सांगते.

जात माझी सागाची. रोह्याकडच्या रानातून मला उरणच्या खाडीवर आणलं ते मिठागराच्या उघाडीसाठी. उघाडी म्हणजे बांधातलं दार. मी त्या दाराची फळी. उधाणाच्या भरतीला मला वर ओढायचे, खाडीचं पाणी आत घ्यायचे, मग खाली सोडून ते पाणी वाफ्यांत कोंडायचे. उन्हाने पाणी आटायचं, मीठ उरायचं. चाळीस वर्षं मी एवढंच केलं. वर, खाली. वर, खाली.

मला ओढणारे हात एकाच माणसाचे. बुधाजी त्याचं नाव. मिठागर सेठचं होतं, पण उघाडी बुधाजीची. मिठाच्या कामाला हात लावायच्या दिवशी तो माझ्यापुढे नारळ फोडायचा, पहिलं पाणी मलाच शिंपडायचा. दुपारी त्याचा मुलगा विपुल भाकरीचं गाठोडं घेऊन बांधावरून पळत यायचा. बुधाजी त्याला वाफ्यातलं चिमूटभर उचलून द्यायचा आणि म्हणायचा, "जिभेला इचार, पिकलं का." पोर जीभ लावून तोंड वाकडं करायचं, "कडू हाय, बाबा!" मग दोघं हसायचे. मिठाचं असंच असतं. आधी कडू, मागून खारट. कडवटपणा गेला म्हणजे पिकलं.

पुढे मिठागर बंद झालं. तिथे कंटेनर ठेवायचं यार्ड होणार होतं. भराव टाकायला डंपर लागले आणि त्यातल्या एकावर ड्रायव्हर होता विपुल. मोठा झाला होता, नोकरी हवी होती. बुधाजीने मुलाला स्टिअरिंगमागे पाहिलं, पाठ फिरवली आणि बांधाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तो विपुलशी एक अक्षर बोलला नाही.

त्याने पाठ फिरवल्यावर काय झालं ते मी पाहिलं. विपुलने गाडी बाजूला लावली, खाली उतरला, गुडघाभर चिखलात शिरून मला दोन्ही हातांनी उपसून काढलं आणि बांधावर आडवं ठेवलं. मग गाडी मागे घेऊन भराव टाकला. संध्याकाळी बुधाजीला मी बांधावर पडलेली दिसले. त्याने मला खांद्यावर घेऊन घरी आणलं. कुणी काढून ठेवलं, हे त्याने कुणाला विचारलं नाही. मला तोंड असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

दोन वर्षं मी पडवीत भिंतीला टेकून उभी होते. त्या घरात बापलेक एकाच ताटलीतली चटणी घेत, पण एकमेकांकडे न बघता. विपुल आता ट्रेलर चालवायचा, कंटेनर वाहायचा, निळा शर्ट घालून जायचा. बुधाजीची बायको ठमाबाई दोघांच्या मधे बसून दोघांना शिव्या घालायची. आणि विपुलची बायको हेमाली, किहीमची मुलगी, ती मात्र कुणाला काही बोलायची नाही. ती देवाला बोलायची.

एका आषाढी एकादशीला तिने मीठ सोडलं. चातुर्मासात बायका काही ना काही सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी गोड. हिने मीठच सोडलं म्हटल्यावर बुधाजी ताटावर ताठ झाला.

"मिठागऱ्याच्या घरात अलनी जेवनार? लोका काय बोलतील, बुधाजीचं मीठ सरलं?"

"चातुर्मासाचा नेम आहे, बाबा," ती एवढंच म्हणाली.

खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. तिचा खरा नवस मला पुढे, या भिंतीवर लागल्यावर कळला. समोरच्या भिंतीवर देव्हारा आहे. रोज सकाळी दिवा लावून ती हात जोडायची आणि हळूच म्हणायची, "कालही नाही बोलले. आजही मीठ नाही." बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलेपर्यंत मीठ खाणार नाही, असा शब्द तिने देवाला दिला होता. कार्तिकीपर्यंतचा नव्हे. बोलेपर्यंतचा.

पण नुसतं देवावर टाकून बसणारी नव्हती ती. एका सकाळी सासऱ्याला म्हणाली, "बाबा, एका खिळ्यावर चौघांचे ओले कपडे, वास येतो हो. पडवीत ती फळी आहे ना, तिला खुंट्या लावून द्या की." ठोकायच्या वेळी दोन माणसं लागणार, हे तिने आधीच हेरून ठेवलं होतं.

बुधाजीचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले. गल्लीतल्या चंदर सुताराकडून करवत, पटाशी, गिरमिट आणलं. चंदर स्वतःही आला. माझ्यावर नख ओढून म्हणाला, "बुधाजीमामा, हिला महिनाभर गोड्या पान्यात टाका. मीठ निगू द्या. अन् स्क्रू पितलेचे घ्या. लोखंड टिकाचं न्हाय हिच्यात."

"माजं सगलं आयुष्य मिठात गेलं. माज्यातून निगालं का? मंग लाकरातून कनाला काढू? तू मना मीठ नको शिकवू."

"बरं बाबा. तुमची फली, तुमचं मीठ," म्हणत चंदर गेला.

मग मला कापलं. तीन हात ठेवली, बाकीची चुलीत गेली. रंधा मारला तेव्हा वरचा करडा रंग जाऊन आतून सागाचा पिवळा निघाला, मलाच माझी लाज वाटली. खुंट्या खाडीकाठच्या भेंडीच्या झाडाच्या लाकडाच्या केल्या. बुधाजी कोयत्याने तासायचा, काचेच्या तुकड्याने घासायचा. भोकं सरळ नाही पाडली. गिरमिट तिरकं धरून पाडली, म्हणजे खुंटी नाकासारखी किंचित वर राहते आणि कपडा घसरत नाही. ही अक्कल त्याची स्वतःची.

हेमालीने खुंट्या मोजल्या. तीन होत्या. घरात माणसं चार. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "बाबा, एक जास्तीची करता? पाहुणेरावळे येतात."

बुधाजीने तिच्याकडे बघितलं. कोण पाहुणा ते त्याला कळलं होतं. "पाव्हन्याला एक," तो गुरगुरला. पण सांगू का, चौथी खुंटी त्याने सगळ्यांत गुळगुळीत केली. सबंध दुपार घासली.

ठोकायच्या दिवशी विपुलची सुट्टी होती. हेमालीने माझं एक टोक धरलं, बुधाजीने दुसरं. वर उचलताच माझं टोक तिला पेलेना. अळणी जेवून जेवून अंगात त्राण राहिलं नव्हतं. विपुलने येऊन तिच्या हातातलं टोक घेतलं. झालं, बापलेक एका फळीला लागले. हेमाली मागे सरली आणि तिने देव्हाऱ्याकडे बघितलं.

"सुने, सांग त्याला, डावा कोपरा वर घेवाला," बुधाजी म्हणाला. विपुल दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"हेमाली, सांग त्यांना, डावा बरोबर हाय. उजवाच खाली आलाय."

"सुने, त्याला म्हनावं, मी आंधला न्हाय."

ठमाबाई उंबऱ्यात सुकट निवडत होती. "अगो बाय, दोघा एकमेकांच्या नाकाशी उभी हाईत, अन् मदी सुनेचं टपाल कनाला? तिकीट तरी लावा आता!"

विपुलचे ओठ जरासे हलले. बुधाजी भिंतीकडे बघत राहिला. डब्यातले जुने लोखंडी स्क्रू पिळले गेले आणि मी लागले. बोटभर तिरकी. तिरकी, कारण 'असू दे' म्हणायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं.

हेमालीने माझ्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. संध्याकाळी अळणी भात जेवली.

मग माझ्या अंगावर वजन पडायला लागलं. ओले रेनकोट, टॉवेल, पिशव्या. माणसं कपडा अडकवताना दिवसभराचा राग त्या कपड्याबरोबर अडकवतात, हे मला तिथे कळलं. श्रावण गेला, भाद्रपद आला. हवेत ओल दाटली तशी मला घाम सुटला. चाळीस वर्षांचं पोटातलं खारं पाणी वर यायला लागलं. दिवसा ते सुकायचं आणि माझ्या अंगावर पांढरी भुकटी राहायची. लोखंडी स्क्रू तांबूस फुगले. मला कळत होतं हे बरं नव्हे, पण घाम का कुणाला आवरतो?

गौरी-गणपती होऊन गेले. हेमालीला आता नळावर हंडा उचलताना अंधारी यायची. ठमाबाई म्हणायची, "बाय, चिमूटभर तरी लाव भाताला. देव काय तुजा जीव मांगतंय?" हेमाली नुसती हसायची. हसणंही आता दमलेलं असायचं.

आणि एका दुपारी विपुल कामावरून आला तो शर्ट हातात चुरगाळून.

"बघ! पाठीवर नकाशा उमटलाय. सगल्यांच्या समोर गेटवर साहेब बोलला, घरात पानी येत न्हाय का तुमच्या? पोरं हसतात, विपुल पाठीवर मीठ पिकवतोय म्हनून."

"तीनदा धुतला हो मी," हेमाली म्हणाली. "माझ्या हाताने..." आणि बोलता बोलता भिंत धरून खाली बसली.

बायकोवर काढायचा राग बायको अशी खाली बसल्यावर काढणार कुठे? विपुल माझ्याकडे वळला. शर्टावरचे पांढरे पट्टे आणि माझी पांढरी भुकटी, दोन्ही त्याला एकदम दिसलं. त्याने पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "ही फलीच काढून फेकतो आज."

ओटीवर बसलेल्या बुधाजीने ते ऐकलं आणि उठून दारात येऊन उभा राहिला. मी मनात म्हटलं, संपलं आता. एकदा मातीतून वाचले, आता उकिरडा.

पण स्क्रू फिरेना. गंजलेलं डोकंच तुटून हातात आलं. जोर लावायला विपुलने माझ्यावर तळवा टेकला होता. तो काढून बघितला तर पांढरा. थोडा वेळ तो त्या तळव्याकडे बघत राहिला आणि मग, लहानपणी करायचा तसं, त्याने बोट जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं.

"कडू हाय," तो म्हणाला. आणि मान वळवून, सरळ दाराकडे बघून, "बाबा, आपलं मीठ हाय हे."

ठमाबाईच्या हातातली परात तशीच राहिली. बुधाजी सावकाश आत आला, माझ्या अंगावरून त्याने बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"न्हाय पिकलं अजून," तो म्हणाला. "पावसाचं हाय. कडू हाय."

"मागून खारट लागतंय."

"लागनारच. चालीस वर्सं खारं पानी पेलीय ती." मग म्हणाला, "कोनीतरी बांधावर काढून टाकलीवती म्हनून. न्हायतर गेली असती भरावात."

विपुल स्क्रूचा गंज नखाने खरवडत राहिला. "कोनीतरी न्हाय. मीच काढली. गारी बाजूला लावून. तुमची पाठ होती तेवा."

बुधाजी त्याच्याकडे वळला. "मंग बोल्ला का न्हाइस?"

"तुमी इचारलं का?"

"घ्या!" ठमाबाईने परात आपटली. "दोन वर्सं झाली, अन् ह्यांचं भांडान कोनी इचारलं न्हाय म्हनून!"

हेमाली भिंतीला धरून उठली होती. तिने आपलं झाकून ठेवलेलं ताट घेतलं. थंड भात, अळणी वरण. माझ्याजवळ येऊन तिने माझ्या हळदकुंकवाच्या कोपऱ्यावरून चिमूटभर पांढरं काढलं आणि भातावर टाकलं.

"अगो, कार्तिकी लांब हाय अजून," ठमाबाई म्हणाली. "नेम मोरतीस?"

"मोडत नाही, आई. माझी कार्तिकी आज आली."

बुधाजी तिच्याकडे बघत राहिला. "म्हंजे मीठ... आमच्यापायी सोरलावतंस?"

तिने घास खाल्ला, तोंड वाकडं केलं. "कडू आहे हो," म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. विपुलने घरातल्या मिठाची बरणी पुढे केली. तिने नको म्हटलं. सगळा भात माझ्याच मिठाने संपवला.

याला आता चार पावसाळे झाले. सगळं गोडीगुलाबीचं झालं असं नव्हे. बापलेक भांडतात, रोज भांडतात, पण सरळ एकमेकांशी. त्यातून बुधाजीचे कान गेले. त्यामुळे विपुल ओरडून बोलतो, बुधाजी ओरडून उत्तर देतो आणि त्यांच्या घरात आज कसली भाजी झाली ते गल्लीला कळतं. चंदरने पितळेचे स्क्रू लावून दिले. सरळ करू का म्हणाला, तर बापलेक एकदम म्हणाले, असू दे. हेमालीने जुन्या पातळाचा पडदा शिवून माझ्या आणि कपड्यांच्या मधे सोडला आहे. पाहुणे आले की त्यांचे कपडे खुर्चीवर पडतात. चौथी खुंटी रिकामी नसते.

मी मात्र थकले आहे. तिसरी खुंटी डुगडुगते. परवा विपुलने ऑइलपेंटचा डबा आणला, रंग लावला की मीठ बंद होईल म्हणाला. बुधाजीला तीनदा ओरडून सांगावं लागलं, मग त्याला ऐकू गेलं.

"रंग? तोंर बंद करतंस तिचं?"

डबा अजून कोपऱ्यात आहे. म्हणून माझं मागणं आहे: रंग नका लावू मला. दर पावसाळ्यात मीठ थोडं कमी येतं. हेमाली दिवा लावून झाला की बोटाने चाखून बघते. म्हणते, कडू कमी झालं. कधीतरी ते पुरतं सरेल. तेव्हा पहिल्या खुंटीवर बुधाजीची टोपी असेल का नसेल, देवाला ठाऊक. तोवर आणा ओले कपडे, टाका माझ्या अंगावर. फक्त टाकताना घरातल्या कुणाला तरी नावाने हाक मारा. मग वजन एवढं वाटत नाही.