हरवलेल्या पुस्तकाची पट्टी

प्रशील टेम्पो घेऊन नशिराबादला आला तोच मुळी भांडायच्या तयारीने. रविवारी जळगावला, त्याच्या कॉलेजात, वारलेल्या बापाच्या नावाचं ‘सुपडू तायडे ग्रंथदालन’ उघडायचं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, काचेची सहा कपाटं येऊन पडली होती आणि त्यात ठेवायला एक पुस्तक नव्हतं. पुस्तकं होती बापाच्या जुन्या घरात, आणि त्या घरात होती बहीण.

“कपाटांना कुलपं लागणार ना, दादा?” प्रज्ञाने दारातच विचारलं. ये म्हणाली नाही की पाणी विचारलं नाही.

“लागणारच. अलमारी शब्द कुठून आला माहीत आहे का? पोर्तुगीजांकडून. त्यांना मिळाला लॅटिनमधून, आणि तिथे त्याचा अर्थ हत्यारं-अवजारं ठेवायची जागा. हत्यारं कोणी उघड्यावर टाकत नाही.”

हा त्याचा जुना रोग. दोन वाक्यं बोलला, की तिसऱ्यात कुठल्यातरी शब्दाचं मूळ उपटून समोरच्याच्या तोंडावर फेकायचं. याच जोरावर त्याने कॉलेजात नाव कमावलं होतं. रविवारचं भाषणही तेच: पुस्तकांच्या घरांची इंग्रजी नावं. बुककेसमधलं केस म्हणजे लिखाणाच्या गुंडाळ्या ठेवायची पेटी, लायब्ररीच्या पोटात झाडाची अंतरसाल, अर्काइव्ह म्हणजे सत्ताधाऱ्याचं घर. लोक माना डोलवतात आणि याची मान आणखी ताठ होते.

“मग शेल्फ म्हणजे काय?”

“चिरलेली फळी, असं मानतात.”

“बाबांनी फळ्याच ठोकल्या. दार लावायचं त्यांना सुचलं नसेल का?”

“तू मला शिकवू नकोस,” प्रशील म्हणाला आणि तिला बाजूला सारून आत घुसला.

सुपडूबाबा भुसावळला रेल्वेत सुतार होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ओसरीच्या तिन्ही भिंतींना फळ्या ठोकल्या आणि गावाला पुस्तकं मोकळी केली. वही नाही, सही नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची एक लाकडी पट्टी बाबा स्वतः रंधा मारून द्यायचे. पुस्तक न्यायचं आणि त्या रिकाम्या जागी आपली पट्टी उभी करायची. पट्टी एकच, म्हणून पुस्तकही एकच. पहिलं आणल्याशिवाय दुसरं नाही. पुस्तक हरवलंच, तर येऊन सांगायचं. मग ती पट्टी पाणी तापवायच्या बंबात जायची आणि माणसाला नवी पट्टी मिळायची. बाबा त्यावर अवाक्षर काढत नसत.

प्रशीलने फळ्यांवरून नजर फिरवली आणि त्याचं टाळकंच सरकलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्याच पट्ट्या. पुस्तकं मोजून वीस-पंचवीस.

“पुस्तकं कुठे लपवलीस?” तो ओरडला.

शेजारच्या लिलाबाई कोपऱ्यात वाचत बसल्या होत्या. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे पन्नास वर्षं इथे काढूनही बोली सुटली नव्हती. चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, “कोनीच नही लपाडं रे भाऊ. बठ्ठा पुस्तकं लोकेसना घर शेतस.”

“लोकांच्या घरी? मग रविवारच्या आत सगळी परत मागव,” त्याने प्रज्ञाला बजावलं.

“तुझ्या उद्घाटनाच्या फोटोसाठी? नाही मागवणार.”

“बाप माझाही होता! सगळं तुझ्या हातात आलं. मला काय दिलं त्यांनी? या घरातून एक पुस्तक तरी माझ्याकडे आलंय का?”

प्रज्ञाने खालच्या फळीकडे बोट केलं. तिथे चार बोटं जाड पट्टी उभी होती. तेवढी जाड दुसरी एकही नव्हती. वर पटाशीने कोरलेलं नाव होतं, प्रशील.

ती कोणत्या पुस्तकाच्या जागी उभी आहे, ते त्याला लगेच कळलं. शब्दांच्या मुळांचा तो जाडजूड इंग्रजी कोश; पट्टी त्याच्याच जाडीची होती. बाबांनी भुसावळला रद्दीच्या ढिगातून काढला होता आणि एम.ए.ला असताना प्रशीलने नेला होता. सव्वीस वर्षं तो त्याच्या टेबलावर होता. त्याची सगळी विद्वत्ता त्या एका कोशातली, आणि घरी येणाऱ्याला तो सांगायचा, पुण्यात घेतला. अकरा वर्षांपूर्वी बाबा एसटीने जळगावला आले होते. गावातल्या नूतनला बी.ए.साठी कोश हवा होता. तेव्हा प्रशील सोफ्यावरून न उठता म्हणाला होता, “हरवला, बाबा. घर बदलताना गेला.” कोश आतल्या खोलीत टेबलावरच होता. बाबांनी चहा घेतला आणि ते निघून गेले.

“पण मी त्यांना सांगितलं होतं, हरवला म्हणून,” त्याचा आवाज खाली आला. “मग ही पट्टी अजून इथे कशी?”

“मीही तेच विचारलं,” प्रज्ञा म्हणाली. “त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी बंब पेटवला. ही पट्टी मांडीवर घेऊन बसले, पाणी उकळून गेलं तरी बसून राहिले. मी म्हटलं, टाका ना बाबा. तर म्हणाले, हरवलेल्या पुस्तकाची टाकतात. आणि परत इथे उभी करून गेले.”

प्रशील खाली वाकला. पट्टीवर धुळीचा कण नव्हता. ती उचलायला त्याने हात घातला, तसा प्रज्ञाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. धरलं मात्र चांगलं घट्ट.

“आधी पुस्तक आण,” ती म्हणाली.

बाहेर टेम्पोवाला विचारत होता, सर, काय काय भरायचं.