बाजेखालची शेगडी

मित्रांनो, मार खाल्ल्याशिवाय माझा उन्हाळा सरत नाही. मी हट्टा गावच्या किशनरावांच्या घरची जुनी बाज. दर वैशाखात मला अंगणात आणून उताणी पाडतात, माझे खूर, म्हणजे पाय, दगडावर आपटतात, मुसळाने बडवतात आणि माझ्या भेगाभेगांत उकळते पाणी ओततात. तुम्हाला हे क्रूर वाटेल. पण आधी माझी हकीकत ऐका.

मी मूळची किशनरावांच्या बांधावरची बाभूळ. कुऱ्हाडीने मला आडवे केले, सुताराने वाकसाने माझी साल सोलली, चार खुरांना भोके पाडून त्यांत आडवी-उभी लाकडे ठोकली आणि अंबाडीच्या दोरीने मला विणले. ठोकताना एक खूर तडकला. "चालतंय," म्हणून सुताराने तो तसाच राहू दिला. लाकूड जिथे तडकते, तिथे ढेकूण बिऱ्हाड करतो, हे त्याला ठाऊक असणार. पण घाई सगळ्यांनाच असते.

किशनरावांची बायको पद्माबाई या कामात फार कडक होती. उन्हाळ्यात चुलीवर मोठा हंडा चढवून त्यात कडुनिंबाचा पाला उकळायची आणि माझ्यावर तुटून पडायची. "पी माझ्या लेकरायचं रगत! पी!" असे म्हणत ती मुसळ हाणायची. माझ्या भेगांतून ढेकूण टपटप गळायचे. काही तिच्या टाचेखाली फुटायचे, काही पाण्यात भाजायचे, उरलेले कोंबड्या टिपायच्या. अंगणभर लालकाळा राडा आणि तो उग्र वास! मग मी दोन-तीन दिवस कडक उन्हात पडून राहायची आणि शेवटी ती माझ्या भेगांत चुना ठासायची. त्या दिवसांत मला पद्माबाईचा राग यायचा. आज येत नाही.

आमच्याकडे लग्न निघाले की वऱ्हाडासाठी गावभरच्या बाजा गोळा होतात. एका वर्षी, सत्तरनंतरचा काळ असेल, हंगामातल्या शेवटच्या लग्नाला मीही गेले. परत आले तेव्हा माझ्या अंगात परक्या घरचे ढेकूण होते. पद्माबाईने हंडा घासून ठेवला, पण त्याच दुपारी आभाळ फुटले. ऊन नाही तर बाज वाळणार कशी? काम पुढे ढकलले गेले. मग पेरणी, निंदणी, कापसाची वेचणी. माझ्या भेगांत ढेकणांची पिल्ले, पिल्लांची पिल्ले झाली. मी आतून खदखदत होते.

थंडीत थोरली लेक चंदा बाळंतपणाला माहेरी येणार असा निरोप आला. तिचा धाकटा भाऊ जळबा अक्कावर जीव टाकणारा होता. त्याने मला हलवून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अक्का येऊन राहिली अन् इथं ढेकणाचा बाजार भरला! तिला फाडून खातील की!"

घरात कोणी नव्हते. त्याने माळ्यावरून पिशवी काढली. कपाशीवर धुरळायची पांढरी पावडर होती ती. बोंडातली अळी मरते, तर ढेकणाची काय कथा, असा त्याचा हिशेब. माझ्या तडकलेल्या खुरात, सांध्यांत, दोरीच्या पिळांत त्याने ती मुठीमुठीने ठासली. वर फडक्याने मला पुसले. मायला सांगावे असे त्याला वाटलेच नाही. ढेकूण मारायला सांगायचे काय?

आता यातली मेख ऐका. बाळंतिणीची खोली बायकांची. सोयर फिटेपर्यंत पुरुष तिथे पाऊल टाकत नाही. म्हणून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, बाळंतिणीला शेक देतात, वारे लागू नये म्हणून खिडकीत चिंध्यांचे बोळे कोंबतात, हे जळबाने कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. आणि पावडरीचे पद्माबाईला माहीत नव्हते.

चंदाला मुलगी झाली. माझ्यावर गोधडी पडली, गोधडीवर मायलेकी निजल्या, आणि पद्माबाईने माझ्याखाली शेगडी सरकवली.

दुसऱ्या सकाळी भेगांत अडकलेले अर्धमेले ढेकूण गळू लागले. निखाऱ्यांवर पडून ते तडतड फुटत होते. पद्माबाई हसली. "बघ गं चंदे, शेकानं ढेकूणबी मरून राहिले!"

"माय, डोकं फुटून राहिलं माझं," चंदा म्हणाली. "मळमळतंय."

"वारं लागलं असंल." पद्माबाईने खिडकीतला बोळा आणखी आत दाबला आणि शेगडीत नवे निखारे टाकले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. ती ऊब माझ्या भेगांतून वर चढत होती, पावडर तापत होती, आणि तिचा कुबट वास निखाऱ्यांवर टाकलेल्या ओव्याच्या धुरात मिसळून बाळंतिणीच्या नाकात जात होता. चंदाचे हात थरथरू लागले. मग दातखिळी बसली. तिची पाठ कमानीसारखी उचलली गेली आणि माझ्या लाकडावर आदळली. पुन्हा उचलली, पुन्हा आदळली. मुसळाचे इतके घाव मी खाल्ले, पण असा घाव कधी खाल्ला नव्हता. शेजारी पडलेली मुलगी रडायची थांबली होती. तिच्या ओठांवर फेस होता.

लेकीला दाबून धरताना पद्माबाईचा हात माझ्या सांध्यात गेला. बोटे पांढरी झाली. तिने हुंगून पाहिले आणि ओरडली, "बाजंत काय भरलंय? कोणी भरलंय?"

दाराबाहेरून जळबाचा आवाज आला. "पावडर, माय... ढेकणाला भरली व्हती."

"अरे मुडद्या, खाली शेगडी हाय! आत ये!"

"पर सोयर..."

"आग लाव तुझ्या सोयराला!"

जळबा आत शिरला. त्याने अनवाणी पायाने शेगडी लाथाडली. निखारे त्याच्या पायाला चिकटले, कातडी करपल्याचा वास आला, पण तो थांबला नाही. पद्माबाई नात घेऊन धावली. जळबाने चंदाला उचलून मोकळ्या वाऱ्यात नेले. चावडीपाशी कापूस भरायला ट्रक उभा होता. तो रिकामाच वळवून मायलेकींना वसमतच्या डॉक्टरकडे नेले. पद्माबाई सोबत गेली. जळबाला मात्र ती म्हणाली, "तू नको येऊ."

मला अंगणात ओढून टाकले होते. माझ्यातून मेलेले ढेकूण सांडले आणि सवयीने कोंबड्या धावल्या. थोड्या वेळाने त्या गरगर फिरू लागल्या, माना मुरगळून तडफडल्या आणि एकेक करून गार झाल्या. जळबा ते पाहत उभा होता. मग त्याने कुऱ्हाड घेतली आणि तडकलेल्या खुरावर घातली. एका घावात खूर तुटला. दुसरा घाव उचलला, तेव्हा किशनरावांनी मागून दांडा धरला.

"तिला काहून तोडतो? तिनं भरली का पावडर?"

"मंग कोणाला तोडू, बा? मला तोडू?"

"कोणालाच न्हाई. कोंबड्या पुरून टाक खोल. खड्डा तिकडं पडीक रानात काढ, हिरीपासून लांब. अन् पानी तापीव."

भाजलेल्या पायाने लंगडत जळबाने खड्डा काढला. माझी दोरी जाळली नाही, पुरली. हंड्यामागून हंडे ओतून मला धुतले. उरलेली पावडरही त्याच खड्ड्यात गेली. तुटलेल्या खुराच्या जागी त्याने नवा खूर बसवला, न तडकलेला, आणि नव्या दोरीने मला विणले.

मग एका सकाळी बैलगाडी दाराशी थांबली. जळबा उठला नाही. वर पाहायची त्याची छाती झाली नाही. तेवढ्यात गाडीतून लेकराचे रडणे आले, चांगले खणखणीत. ते ऐकून तो पोरासारखा रडू लागला.

चंदा वाळून काडी झाली होती. ती त्याच्यापुढे उभी राहिली. "रडतो काय? पाय दाखव तुझा." जखम पाहून तिने डोळे पुसले. मग मला हाताने चाचपले. "हिच्यात आता काय भरलं, रे?"

"चुना, अक्का. अन् ऊन. दुसरं काही न्हाई."

"मंग टाक गोधडी. पर शेगडी मी पाहून ठेवीन."

मित्रांनो, तेव्हापासून दर वैशाखात मला बडवायला जळबाच येतो. त्याच्या पायावर निखाऱ्यांचे डाग आहेत आणि माझा एक खूर वेगळ्या रंगाचा आहे. तो जीव खाऊन मुसळ हाणतो, आणि मी मुकाट्याने सोसते.

तुमच्याही घरी बाज असेल, पेटी असेल, भिंतीला भेगा असतील. त्या बुजवा. अंथरुणे उन्हात घाला. परक्या घरून आलेली बाज आधी अंगणात आपटा, मगच आत न्या. मला पोळवा, बडवा, तुमचा हात दुखेल पण मी कुरकुरणार नाही. मात्र शेतातले विष माझ्या अंगात कधी भरू नका. मी लाकूड आहे, मी ते पचवीन. माझ्यावर निजणारे लेकरू लाकडाचे नसते.