यंदाचा शिक्का

आमच्या वाचनालयात वसंत आधी सूचनाफलकावर येतो, मग बाहेरच्या झाडांवर. हिरव्या कागदावर चार शनिवारांचे चार कार्यक्रम लागतात: बियांची अदलाबदल, मुलांसाठी गोष्टी, कागदी फुलं, आणि शेवटी 'जुनी पुस्तकं घरी न्या'. मी देवघेवीच्या टेबलावर बावीस वर्षं बसते आहे. या यादीत एक काम कधीच लिहिलेलं नसतं, आणि ते फुलांच्या शनिवारच्या आधी उरकावं लागतं. ते काम म्हणजे छाटणी.

छाटणी कशी होते ते सांगते. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक कोणी घरी नेलं की त्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का बसतो. छाटणीला फक्त चिठ्ठी बघायची. बारा महिन्यांत एकही शिक्का नसला की पुस्तक बाद. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी नवे ग्रंथपाल आले, अर्धी जागा संगणकांनी खाल्ली आणि मुदत बारा महिन्यांवर आली. इथेच बसून वाचलेलं पुस्तक चिठ्ठीला कळत नाही. रोज वाचा, तोंडपाठ करा, चिठ्ठी कोरी ती कोरीच.

हे ग्रंथपाल वयाने माझ्या भाच्याएवढे. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना 'नियमावली' म्हणतो. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो.

खोटं कशाला बोलू, मी शिक्क्यांत लबाडी करायचे. एखादं चांगलं पुस्तक निव्वळ नशीब फुटकं म्हणून कोणी नेत नसेल, तर छाटणीच्या आदल्या आठवड्यात मी त्याच्यावर गुपचूप एक शिक्का उमटवायचे. झालं, वर्षभराचं अभय. अशी तीसेक पुस्तकं माझ्या पदराखाली जगत होती. त्यातलंच एक, पूल कसे बांधतात याचं, जाडजूड आणि रुंद समासांचं.

ते कोणी शेवटचं खरोखर घरी नेलं त्याला सहा वर्षं झाली. पलीकडच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या आमच्या शिवणकाकूंच्या मुलाने नेलं होतं. सतरा वर्षांचा, काडीसारखा उंच, बोटांना कायम पेन्सिलीची काजळी. त्याला समासात लिहायची खोड. लेखकाशी भांडायचा: 'छे, मोजून बघा.' 'इथे तुम्ही घाई केलीत.' मी एकदा पकडला, खोडरबर हातात दिलं आणि माझ्यासमोर बसवून पहिली तीस पानं खोडून घेतली. "चार लोकांचं पुस्तक आहे, तुझ्या बापाचं नाही," असंही वर ऐकवलं. माझी जीभ ही अशी. त्याने मान खाली घालून तीस पानं खोडली, आणि घरी नेऊन एकतिसाव्या पानापासून पुन्हा लिहायला सुरुवात केली.

त्याच वसंतात तो एका सकाळी आईची मापाची टेप घेऊन जुन्या पुलावर मोजमाप करायला गेला. निघताना बाप ओरडला होता, या पुस्तकाने पोट भरणार आहे का म्हणून. टेप कठड्याला अडकलेली मिळाली. तो दुसऱ्या दिवशी मिळाला, बराच खाली, नदीच्या वळणावर. आठवड्याने बापाने पुस्तक आणून माझ्या टेबलावर टाकलं, अक्षरशः टाकलं, आणि घरातला बाकीचा कागदन् कागद रद्दीत घातला. वह्या, चित्रं, शाळेची प्रगतिपुस्तकं, काही ठेवलं नाही. तेव्हापासून त्या घरात पोराचं नाव निघत नाही.

काकू मात्र इथे यायला लागल्या. रोज दुपारी साडेतीनला, मशीन बंद करून. खिडकीशी बसायच्या, पुलाचं ते पुस्तक काढून दहा पानं वाचायच्या आणि पुन्हा जागेवर ठेवायच्या. पूल बांधण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्या समास वाचायच्या. खोडलेली तीस पानंसुद्धा उजेडाकडे तिरकी धरून बघायच्या, कारण पोरगा पेन्सिल दाबून लिहायचा आणि कागदावर वळ उरले होते. त्यावरून त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मी एकदा म्हटलं, "काकू, नेता का घरी? तुमच्या नावावर देते."

"नको गं बाई. ह्यांना पुस्तक दिसलं की हे ताटावरून उठतात. आम्हाला दोघांनाही त्याच घरात दिवस काढायचेत." मग त्यांनी शेवटचं पान उघडून चिठ्ठीवर बोट ठेवलं. "आणि इथे असलं तर लोक नेतात ना. हे बघ, मागच्या वर्षी कोणीतरी नेलं. त्याच्या आधीच्या वर्षीही नेलं. माझ्या पोराचं लिहिलेलं कोणीतरी वाचतंय की नाही?"

ते शिक्के माझे होते. मी म्हटलं, "वाचत असणारच."

यंदा थंडी सरता सरता नियमावलीने चिठ्ठ्या आणि संगणकातल्या नोंदी ताडून पाहिल्या. शिक्का आहे पण नेणाऱ्याचं नाव नाही, अशी पुस्तकं एकामागून एक निघाली. त्याला माझा हात ओळखायला वेळ लागला नाही, शिक्का माझ्याच खणात असतो.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं इथे झिजले आणि कालच्या पोराने मला चारचौघांत लबाड ठरवावं! बरं बाबा, म्हटलं, नियम हवा ना तुला, घे नियम. यंदा एकही शिक्का मारला नाही. छाटणीला बसले ती तोंड फुगवून. पुस्तक उचलायचं, उलटं करायचं, चिठ्ठी बघायची, बाद. नाव वाचायचं नाही, मुखपृष्ठ बघायचं नाही. दोन दिवसांत चारशे पुस्तकं बाद केली आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, आता बस रिकामी कपाटं बघत. माझी तीस जातील, हेही मनात येऊन गेलं. जाऊ देत, म्हटलं. त्या तिसांत कोणतं कोणतं आहे ते आठवायला मी थांबले नाही.

फुलांसाठी कोणती पुस्तकं घ्यायची तेही नियमावलीनेच सांगितलं. "रुंद समासांची घ्या. पाकळीची कडा पांढरी राहते." शिपायाने तशी बारा निवडून त्यांचे पुठ्ठे ओरबाडून ठेवले. शुक्रवारी मी गठ्ठे कागद कापायच्या यंत्राखाली सारले, बांधणी उडवली आणि सुटी पानं तीन टोपल्यांत मिसळून टाकली. मग मदतीला कोणाला बोलवावं याचा विचार केला. कात्रीवर हात बसलेलं माणूस मला एकच माहीत होतं. मी काकूंना निरोप धाडला.

छाटणीचा आठवडाभर वाचनकक्षाला कुलूप असतं, त्यामुळे काकू आल्या नव्हत्या. शनिवारी आपली लांब कात्री पिशवीत घालून आल्या. "किती दिवस झाले गं," म्हणाल्या. "आज काम आटोपलं की जरा वेळ उघड ना खोली. खिडकीशी बसते."

"उघडते की," मी म्हटलं. इतकं समोर येऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

चाळीसेक मुलं होती. काकूंचा हात बघत राहावा असा. चार पानं एकावर एक, मधोमध घडी, आणि कात्री सरसर चालायची. शिवणाऱ्या माणसाची नजर मजकुरावर नसते, कडेवर असते. त्या कापत होत्या, मी पाकळ्या तारेला गुंडाळत होते, मुलं रंग फासत होती. फूल तयार झालं की मूल ते घेऊन धूम पळायचं. एका मुलाने काकूंच्या केसांत फूल खोवलं तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, एक तरी काम बरं झालं माझ्या हातून.

तासाभराने दोन वेण्यांची एक मुलगी पाकळी घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आजी, ही घाण आहे. कोणीतरी लिहिलंय हिच्यावर. दुसरी द्या ना."

काकूंनी पाकळी हातात घेतली, चष्मा खाली ओढला. मी शेजारीच होते, मलाही दिसलं. पेन्सिलीचं, उजवीकडे कललेलं अक्षर: 'छे, मोजून'. पुढचं कात्रीने नेलं होतं.

तेव्हा सगळं एकदम दिसलं, चिठ्ठी, कपाट, टोपल्या, सगळं.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी कात्री मिटून टेबलावर ठेवली. पुढ्यातल्या ढिगातली एक पाकळी उचलून बघितली, खाली ठेवली. दुसरी उचलली. तिसरी उचलली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "मी किती कापली गं?"

मी त्या मुलीला दुसरी पाकळी दिली. काय करणार, ती हात पुढे करून उभीच होती.

मुलं गेल्यावर मी जमिनीवर बसून टोपल्या उपसल्या. त्या पुस्तकाची तेवीस पानं सबंध मिळाली. कापलेले तुकडे साठ-सत्तर. बाकी सगळं फुलं होऊन गावभर गेलं होतं. फलकावर सूचना लावली: शनिवारची कागदी फुलं कृपया परत आणून द्यावीत. पाच आली. पाकळ्यांवर लाल-पिवळ्या रंगाचे थरच्या थर, खाली पेन्सिल होती की नव्हती कोण सांगणार? एक आई येऊन मलाच झापून गेली. "पोरीने रडून घर डोक्यावर घेतलंय. दिलेलं परत मागतात का कुठे?" तिचंही बरोबर होतं.

नियमावलीला मी सगळं सांगितलं. त्याने बाद पुस्तकांची यादी पुढे ओढली. मग म्हणाला, "पण पुस्तक नियमाप्रमाणेच बाद झालं होतं ना?"

"नियमाप्रमाणेच," मी म्हटलं.

त्यानंतर तो स्वतः फुलं नेलेल्या मुलांची नावं शोधून सहा-सात घरी जाऊन आला. हात हलवत परत आला आणि माझ्याकडे न बघता खोलीत गेला. त्याला शिव्या घालाव्यात असं मला फार वाटत होतं, पण कुठल्या तोंडाने घालणार?

मंगळवारी वाचनकक्ष उघडला. काकू येणार नाहीत असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर येऊ नयेत असंच मला वाटत होतं. साडेतीनला त्या आल्या आणि खिडकीशी बसल्या. मी सापडलेलं सगळं एका मोठ्या पाकिटात भरून त्यांच्यापुढे ठेवलं. पुठ्ठ्यांच्या ढिगात शेवटचं पान मिळालं होतं, चिठ्ठीसकट, तेही त्यात होतं.

"काकू, माझी चूक झाली," मी म्हटलं. "मी बघायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. तुकडे टेबलावर पसरले. बेतायच्या आधी कापड लावून बघतात तसे ते एकमेकांना लावून बघू लागल्या. कुठेच काही जुळेना.

"एकशे बारावं पान नाही यात," त्या म्हणाल्या.

"नाही मिळालं."

"त्याच्यावर लिहिलं होतं, 'हे आईला दाखवायचं.' झुलत्या पुलाचं चित्र होतं ना, त्याच्या बाजूला. आणि खाली, हे दोर ओझं कसं वाटून घेतात, आईच्या..." त्या थांबल्या. "आईच्या टाक्यांसारखे, असं होतं, का आणखी काही होतं? सहा वर्षं वाचलं गं मी ते. शनिवारपासून आठवतेय, आठवतच नाही."

मला काही माहीत नव्हतं. बावीस वर्षांत ते पुस्तक मी एकदाही उघडून वाचलं नव्हतं. पोराकडून पानं खोडून घेतली तेवढीच बघितली होती.

मग त्यांनी शेवटचं पान पुढे ओढलं. "हे बघ. माझ्या पोराच्या शिक्क्यानंतर हे चार शिक्के. म्हणजे चार माणसांनी घरी नेलं होतं. एवढं नेलं म्हणजे वाचलंही असेल. एखाद्याला तरी आठवत असेल ना, समासात काय होतं ते? तुझ्याकडे नावं असतील त्यांची. विचारून बघशील?" त्यांचा चेहरा एकदम उजळला होता आणि माझ्याने तो बघवेना.

'शोधते' म्हणून वेळ मारून नेता आली असती. दहा दिवस, महिना, मग त्या आपणहून विचारायच्या बंद झाल्या असत्या. पण आतापर्यंत मारून नेलं तेवढं पुरे झालं होतं.

"कोणी नव्हतं, काकू," मी म्हटलं. "ते चारही शिक्के मीच मारले. पुस्तक बाद होऊ नये म्हणून. दर वर्षी, छाटणीच्या आधी."

त्यांनी चिठ्ठी जवळ घेऊन चारही शिक्के एकेक करून बघितले. चौथ्या शिक्क्याखाली एक चौकोन रिकामा होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"मग यंदाही एक मारायचा होतास ना," त्या म्हणाल्या.