मोर झालेली सापशिडी

आमच्या ह्यांच्याकडे सापशिडीचे एकशे त्रेचाळीस पट आहेत आणि घरात बसायला खुर्च्या चार. त्यातल्या एका खुर्चीवर कायम आइसलंडहून आलेला खोका असतो, म्हणजे खऱ्या खुर्च्या तीनच. कुणी पाहुणा चुकून त्या खोक्यावर टेकला, तर हे असे किंचाळतात की तो पाहुणा पुन्हा आमच्या मुआर गावी यायचं नाव काढत नाही.

ह्यांचं नाव बद्रोल. टपाल कचेरीत तीस वर्षं परदेशी पाकिटांवर शिक्के मारले, आणि मारता मारता कुठल्या कुठल्या देशांतल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी ओळखी करून घेतल्या. मग सुरू झाली देवाणघेवाण. आपली सापशिडी तिकडे, तिकडची इकडे. फिनलंडच्या पटावर साप नाहीतच, बर्फावरच्या घसरगाड्या आहेत. जपानच्या एका पटावर भल्यामोठ्या मुळ्यावरून घसरायचं. न्यूझीलंडचा एक पट कुणा दातांच्या डॉक्टरने काढलाय, त्यात मिठाई खाल्ली की थेट खाली आणि दात घासले की वर. आणि तो खुर्चीवरचा आइसलंडचा, त्यात छापणाऱ्याच्या चुकीमुळे शंभरावं घरच नाही. नव्व्याण्णवनंतर एकदम एकशे एक.

"म्हणजे ह्यात कुणी जिंकूच शकत नाही?" आमच्या मुलाने, शहरीलने, लहानपणी विचारलं होतं.

"म्हणून तर दुर्मीळ!" हे म्हणाले आणि त्याच्या हातातले फासे काढून घेतले. ह्यांचे पट खेळायचे नसतात. ते कपाटात ठेवायचे असतात आणि दर शुक्रवारी पुसायचे असतात.

माझ्याही हातात एक कला आहे, पण ती घरातली जागा अडवत नाही. आमच्याकडे सोयरीक जुळली की मुलाकडचे भेटवस्तूंची तबकं सजवून मुलीकडे नेतात. त्या तबकांतली कापडं मी घडवते. टॉवेलचा हंस, चादरीचं कमळ, नमाजाच्या चटईची घुमटासकट मशीद. पार तांगकाकपासून बायका मला बोलावतात. मग लोक तबकांभोवती गोळा होऊन वा वा करतात, फोटो काढतात, आणि घडवणारीचं नाव कुणी विचारत नाही. चालतं मला. म्हणजे, चालत नाही, पण सवय झालीय.

तर गेल्या वर्षी आमच्या शहरीलचं जमलं, बातू पाहात गावातल्या नजीहाशी. मुलगी गोड, आई जहांबाज. विहीणबाईंचं नाव झैतोन. लग्नाची जेवणं करण्याचा त्यांचा धंदा, तीनशे माणसं एका हाकेत पंगतीला बसवतात. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "तुमची तबकं नऊ, आमच्याकडून परतीची अकरा." तबकं विषमच हवीत. सम आकडा घेऊन मुलीच्या दारात उभं राहिलं तर गाव वर्षभर हसतं.

साखरपुड्याच्या सकाळी नऊ तबकं गाडीत चढवली. नववं होतं चॉकलेटच्या राजवाड्याचं. हे पेट्रोल भरून आणतो म्हणून गाडी घेऊन गेले, ती उन्हात उभी केली आणि समोर साटे, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस, खायला बसले. मुआरची माणसं साटे नाश्त्याला खातात, त्याला माझी हरकत नाही. पण वीस काड्या? परत आले तोवर राजवाड्याचा चिखल झाला होता.

"चमच्याने खाता येईल की," हे म्हणाले.

"आठ तबकं न्यायची? आठ? त्यापेक्षा मी घरीच बसते, तुम्ही एकटे जा तोंड दाखवायला!"

निघायला पाऊण तास होता आणि घरात एकही कोरं कापड नव्हतं. सगळी लोकांच्या लग्नांत गेली होती. ह्यांना मी गाडीतलं चॉकलेट खरवडायला बसवलं आणि ह्यांचं कपाट उघडलं.

खरं तेच सांगते. आपण काय करतोय ते मला पक्कं माहीत होतं. एकशे त्रेचाळिसांतला एक गेला तर काय आभाळ कोसळणार आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि वरचंच एक मोठं कापड ओढलं. हंगेरीचं होतं. तिकडे म्हणे असलं कापड जेवणाच्या टेबलावर अंथरतात, आणि उष्टी ताटं उचलली की त्याच्यावरच सापशिडी मांडतात. गर्द लाल रंग, सोनेरी हिरवी शंभर घरं, प्रत्येक घरात बोटाच्या पेराएवढं चित्र.

वीस मिनिटांत मी त्याचा मोर केला. चुण्या पाडल्या तशी ती घरं बरोबर पिसांच्या टोकांवर येत गेली आणि प्रत्येक पिसाला डोळा फुटला. असा मोर मी जन्मात केला नव्हता. क्षणभर मी स्वतःच्याच हातांकडे बघत राहिले.

"छान जमलाय गं," हे म्हणाले. ओळखलं नाही! गाडी मी चालवली आणि ह्यांनी तो मोर बातू पाहातपर्यंत स्वतःच्या मांडीवर धरून नेला, खड्डा आला की त्याच्या मानेला हाताने टेकू देत. मी रस्त्यावरून नजर हलवली नाही.

साखरपुडा झोकात झाला. विहीणबाईंनी बाकीच्या आठ तबकांकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्याच आठवड्यात वाचनालयाच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "बद्रोलकाका, तुमचा संग्रह आमच्या दालनात मांडू या. शनिवारी, दिवसभर. लोकांना कळू दे." हे उठून उभे राहिले, परत बसले, परत उठले, आणि आइसलंडच्या खोक्यावर बसले. तीस वर्षं ज्या माणसाला नातेवाइकांनी 'सापवाला' म्हणून हिणवलं, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी अहोजाहो करून बोलावलं होतं. त्या दिवसापासून ह्यांचं जेवणात लक्ष लागेना. मधल्या मोठ्या काचपेटीत हंगेरी ठेवायची, असं पहिल्याच दिवशी ठरलं. अकरा वर्षं पत्रं लिहून मिळवलेलं कापड ते. त्याच्या माहितीचं कार्ड ह्यांनी सात वेळा लिहिलं, सातही वेळा अक्षर बिघडलं म्हणून फाडलं. मी ऐकत होते आणि न मागता ह्यांच्या ताटात आणखी भात वाढत होते.

शुक्रवारी ह्यांनी कपाट उघडलं. आतून ओरडण्याचा आवाज आला असता तर बरं झालं असतं. हे हंगेरीभोवतीचा रिकामा पातळ कागद हातात धरून नुसतेच बाहेर आले.

मी सगळं सांगून टाकलं.

"मोर?" हे म्हणाले. "म्हणजे... मी मांडीवर घेतला होता तो?"

"हो."

"आणि मी छान जमलाय म्हणालो?"

"म्हणालात."

मला वाटलं, आता भडकतील. चार भांडी फेकतील. उलट हे खाली बसले, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "असू दे. मधल्या पेटीत दातांचा डॉक्टर ठेवू." मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून कारण नसताना अंगण झाडलं.

दिलेलं तबक परत मागायचं नसतं. मागितलं तर सोयरीक मोडल्यातच जमा. म्हणून चोरीचा बेत मी आखला. त्याच दुपारी ओताक-ओताक, म्हणजे पानात भाजलेला तिखट मासा, घेऊन सहज भेटायला जायचं. ह्यांनी बैठकीत विहीणबाईंना बोलण्यात गुंतवायचं. मी आत जाऊन मोराच्या घड्या सोडायच्या आणि पिशवीतल्या नव्या लाल कापडाचा दुसरा मोर घडवून ठेवायचा.

"पण मी बोलू काय त्यांच्याशी?" हे म्हणाले.

"तुमच्या पटांबद्दल बोला. तुम्हाला कधी शब्द कमी पडलेत?"

मोर विहीणबाईंच्या शयनघरात काचेच्या कपाटावर होता. मी स्टुलावर चढले. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता, "...तर हा मुळा साधारण सदतिसाव्या घरापासून सुरू होतो..." मी मोराची मान धरली आणि पहिली टाचणी शोधू लागले. बाहेर ह्यांचं चालूच होतं. ऐकणारं कुणी तिथे उरलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"मान मुरगाळताय की काय त्याची?" मागून विहीणबाई म्हणाल्या.

मी स्टुलावरून पडले नाही एवढंच. "धूळ पुसत होते," मी म्हटलं.

"मुआरहून बातू पाहातला? धूळ पुसायला?"

तेवढ्यात हे दारात आले, माझ्याकडे बघितलं, मोराकडे बघितलं, आणि ह्या माणसाला आयुष्यात धड खोटं बोलता आलेलं नाही. "विहीणबाई, तिची चूक नाही," हे म्हणाले. "तो मोर म्हणजे माझी सापशिडी आहे."

मग सगळंच बाहेर आलं. साटेच्या वीस काड्यांसकट. विहीणबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या आणि मी मनात शहरीलची माफी मागत होते.

"म्हणजे दिलेलं परत मागताय," त्या म्हणाल्या.

"एका दिवसापुरतं," हे म्हणाले. "उद्याच्या शनिवारचं."

विहीणबाईंनी मोराची मान सरळ केली. "तीन गल्ल्यांतल्या बायका बघून गेल्यात ह्याला. न्यायचा तर मोर म्हणून न्या. उघडायचा नाही. आणि मी बरोबर येणार. तुम्हा दोघांचा काडीचा भरवसा नाही मला."

शनिवारी विहीणबाई मागच्या सीटवर बसल्या आणि मोराला शेजारी बसवून त्याला पट्टा लावला.

दालन खचाखच भरलं. ह्यांनी नवा बाटिकचा सदरा घातला होता. एकशे बेचाळीस पट टेबलांवर ओळीने मांडलेले, आणि मधल्या मोठ्या पेटीत मोर. झाकण उघडं ठेवलं होतं, कारण शेपूट मावत नव्हती. लोक दारातून आत येत आणि सरळ मोराकडे जात. "बाई गं, पिसं बघ!" "हात लावू का?" "नको लावू!" विहीणबाई पेटीशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि गर्दीला रांगेत उभं करत होत्या. फिनलंडकडे कुणी फिरकलं नाही. मुळ्यावर एका बाईने पर्स ठेवली.

"कुणी केलाय हा?" वाचनालयाच्या बाईंनी विचारलं.

"माझ्या बायकोने," हे म्हणाले. "रोकियाहने." आणि पुन्हा, मागच्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने, "रोकियाहने!"

माझं नाव असं चारचौघांत कुणी घेतलं नव्हतं. बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने हात हातात घेतला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की दहा मिनिटं मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही.

बघितलं तेव्हा एक तरुण मुलगी वर्तमानपत्रासाठी मोराचा फोटो काढत होती. "काका, जरा बाजूला होता का?" ती गोड आवाजात म्हणाली. "तुमचं कोपर येतंय मध्ये."

हे बाजूला झाले. हसत हसत झाले. "असं का? आता नाही ना येत?" असं विचारून आणखी दोन पावलं मागे सरकले, ते पार खिडकीच्या पडद्याला टेकले. स्वतःच्या प्रदर्शनात.

माझं टाळकं सणकलं. मी गर्दीतून वाट काढत पेटीपाशी गेले. मोराच्या मानेखाली एक टाचणी असते, सगळा डोलारा तिच्यावर. ती मी उपटली.

अख्खा मोर एका दमात कोसळला. दालनभर "अय्यो!" झालं. फोटोवाल्या मुलीचा हात हवेत राहिला. विहीणबाई खुर्चीवरून उठल्या आणि मला वाटलं, संपलं. मुलाचं लग्न, माझं नाव, सगळं एका टाचणीत गेलं.

"शब्द दिला होतात तुम्ही," त्या म्हणाल्या.

"दिला होता," मी म्हटलं. "मोडला. प्रदर्शन ह्यांचं आहे, विहीणबाई. आणि हे पडद्यामागे उभे आहेत."

विहीणबाईंनी पडद्याकडे बघितलं. हे तिथून माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्यासमोर स्वतःचा हात कापून ठेवलाय. "रोकियाह," हे म्हणाले, "अगं, इतका सुंदर मोर..."

विहीणबाईंनी पंगतीवर ओरडतात तसा आवाज लावला. "व्याहीबुवा! तिथे काय गोठलात? इकडे या. हे टोक धरा, मी हे धरते. केवढ्या सुरकुत्या पाडल्यात बाईने! आणि तुम्ही हो, लग्नाला तीन महिने आहेत. माझ्या अकरा तबकांना अकरा मोर हवेत, ऐकलंत? अकरा!"

त्या दोघांनी कापड ताणून पेटीवर पसरलं. शंभर घरं लखलखीत उघडी पडली, पण मोर गेला म्हटल्यावर गर्दी हळूहळू पांगली. काही लोक बाहेर आइसकचांगचा बर्फगोळा खायला गेले, काही घरी. फोटोवाली मुलगी घड्याळ बघत होती. हे कापडाची कड तळव्याने सपाट करत उभे होते, कुणी काही विचारेल म्हणून. कुणी विचारत नव्हतं.

मी पुढे झाले. कापडावर वाकले, बोट ठेवलं. "अहो," मी म्हटलं, "ह्या बेचाळिसाव्या घरात हा माणूस पातेल्यात का बसलाय?"

ह्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "टिंगल करतेयस?"

"नाही हो. खरंच विचारतेय."

"खरंच?"

"आता सांगता की जाऊ?"

तीस वर्षांत मी ह्यांना त्या पटांबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग घसा खाकरला आणि पातेल्यातल्या माणसापासून सुरुवात केली. फोटोवाल्या मुलीने वही उघडली. विहीणबाईंनी मध्ये दोनदा मोठी जांभई दिली, पण खुर्ची सोडली नाही. मी उभ्याउभ्या सगळं ऐकलं, आणि एक सांगते, त्या पातेल्यातल्या माणसाची गोष्ट खरोखर चांगली आहे.