हिरवा आकडा

चमचा फरशीवर पडला, आणि घर कितीतरी वेळ गप्प होतं हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

ती कामाच्या टेबलावरून वळली. मागे जेवायला बसलेली लेक रिकाम्या हाताकडे बघत होती. ओठ पांढरेफटक, कपाळ घामाने ओलं.

"खारूताई, काय ग?"

"चमचा पळाला." शब्द जिभेला चिकटत होते.

तिने झडप घालून फोन उचलला. लेकीच्या दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर मोजायचा, आकडा तिच्या फोनवर धाडायचा. साखर उतरली की फोन घर डोक्यावर घ्यायचा. फोन गप्प म्हणजे सगळं ठीक, असा घरचा नियमच होऊन बसला होता. आज सकाळपासून तो गप्प होता. तिला किती बरं वाटलं होतं! आताही पडद्यावर हिरवा, निवांत आकडा होता. सकाळचाच.

साखरेचं पाणी ढवळताना अर्धं ओट्यावर सांडलं. "पी. पी ना राणी. अजून एक घोट." मग लेकीच्या बोटाला सुई टोचली. छोट्या यंत्रावर आलेला आकडा फोनवरच्या आकड्याच्या निम्माही नव्हता.

ओठांवर पुन्हा रंग येईपर्यंत तिने लेकीला मांडीवरून हलू दिलं नाही. मग, तशीच बसून, फोन लावला.

"ॲप ठणठणीत आहे, मॅडम," सेन्सर कंपनीचा माणूस म्हणाला. "तुमच्या फोनने नवीन अपडेट घेतलंय. तो आता आमचं ॲप मधेच बंद करतो. फोनवाल्यांना विचारा."

फोनवाल्यांची बाई फार गोड बोलली. "आम्ही सगळ्या ॲपवाल्यांना आधीच कळवलं होतं. बदल त्यांनी करायचा होता."

"आणि मला कोणी कळवलं?"

"अपडेटला होकार तुमच्याच फोनवरून आलाय, मॅडम."

काल लेकीला थोपटताना पडदा उजळला होता. उजेडाने ती जागी होऊ नये म्हणून अंगठ्याने 'हो' दाबून टाकलं होतं.

"मग जुनं परत टाकून द्या."

"तसं मागे जाता येत नाही."

"म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांकडे बोटं दाखवा, आणि माझी पोर..." तिने फोन पालथा ठेवला.

"कोणाला रागावलीस?" लेकीने विचारलं.

"फोनवाल्यांना. त्यांच्यामुळे आपल्याला कळलंच नाही ना."

"मला कळलं होतं," लेक म्हणाली. "मी म्हटलं ना तुला, आई, पाय कसेतरी होतायत."

म्हटलं होतं. मान न वळवता तिने फोनकडे नजर टाकली होती, आणि म्हणाली होती, काही नाही ग, सगळं छान आहे, जेव तू.

लेकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"मी सांगत होते, तर तू फोनकडे का बघितलंस?"