जुनं आधी

*तांदूळ. जून. रांगेत उभा आहे.*

"अगं, तो पुडा इकडे दे. मागे जायचाय तो."

स्टुलावर उभा राहून तो कोठीच्या वरच्या फळीवरचे डबे एकेक करून पुढे ओढत होता. कोठी म्हणजे स्वयंपाकघरामागची दीड माणूस मावेल एवढी खोली. दारात खुर्ची टाकून ती बसली होती. मांडीवर पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ, कात्री, पेन. प्रत्येक डब्यावर, पुड्यावर पट्टी लावायची आणि तिच्यावर लिहायचं, हे काम तिचं. महिना तो सांगायचा. बाकी मजकूर तिच्या मनाचा.

आज तिच्या हातात चहाचा नवा पुडा होता आणि तो ती देत नव्हती. नाकाशी धरून बसली होती.

"बंद पुड्याचाही वास येतो हो."

"येणार नाही. आतून चांदीचा कागद असतो."

"मला येतोय. अहो, हा आज फोडा ना."

"जुना आहे अजून. डब्यात आहे, शिवाय एक पुडा शिल्लक आहे."

"मागच्या वर्षीचा. त्याचा नुसता रंग उरलाय."

"जुनं आधी," तो म्हणाला.

"फोडला म्हणून काय पोलीस येणारेत?"

तो हसला, पण हात पुढेच धरून उभा राहिला. तिने पुडा लगेच दिला नाही. पट्टी कापली, काहीतरी लिहिलं, चिकटवली, अंगठ्याने दोनदा दाबली. मग दिला. त्याने तो न वाचताच जुन्या पुड्याच्या मागे सरकवला. त्याच्या मागे उरलेले पाच. चहा महिन्याभरात दीडपट होणार आणि मग मिळेल की नाही सांगता येत नाही, असं सकाळच्या पेपरात आलं होतं. तेल, साखर, साबण, काड्यापेट्या, सगळ्यांबद्दल तसंच काही ना काही आलं होतं. त्याने दोन दिवसांत चार खेपा केल्या होत्या.

पेपरात तिच्याबद्दल काही नव्हतं. तिचे तपासणीचे कागद वेगळ्या पिशवीत होते, खुंटीला.

*साखर. ऑक्टोबर. गोड बोलून मिळणार नाही.*

चौतीस वर्षं तो इस्पितळाच्या भांडारात होता. पहिल्या वर्षीची गोष्ट. सलाइन नाही म्हणून माणसं परत पाठवली जात होती. आठवडे असे गेले. मग एक दिवस भिंतीला ओल आली म्हणून कापसाचे गठ्ठे हलवले, तर त्यांच्या मागे सलाइनची सत्तर खोकी निघाली. तारीख उलटून गेलेली. माल येत गेला, पुढचा पुढे वापरला गेला, मागचा मागेच राहिला. आवारात खड्डा खणला. बाटल्या फोडून त्यात ओतायचं काम त्याला दिलं, कारण तो नवा होता. फाटकाच्या गजांना धरून लोक उभे होते. पाणी जमिनीत मुरताना बघत होते. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तो पुढे एकदाच म्हणाला. तिलाच.

त्यानंतर त्याच्या हाताखालून एकही वस्तू तारीख उलटून गेली नाही. भांडारात नाही आणि घरातही नाही. नवं आलं की मागे, जुनं पुढे, आधी जुनं संपवायचं. भाव चढले, माल गायब झाला, तेव्हा याच्या फळ्या भरलेल्या असायच्या आणि गल्लीतल्या बायका वाटी घेऊन तिच्याकडे यायच्या. ती द्यायची. पुढच्या रांगेतलं.

फक्त एक होतं. घरात सगळं वर्षभराचं भरलेलं, त्यामुळे पानात पडायचं ते सगळं वर्षाचं झालेलं.

"एकेचाळीस वर्षं," ती समोरच्या दारातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगायची, "या घरात ताजं सगळं येतं गं. मी त्याला बघते, त्याचं नाव लिहिते. आमची ओळख होते तोवर ते म्हातारं झालेलं असतं."

"काकू, तुमच्या लग्नासारखंच की!"

"नाही नाही. हे आले तेच मागच्या वर्षीचे होते."

*मीठ. याला महिना लागत नाही.*

डॉक्टर म्हणाले, "त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या."

हे वाक्य त्याने इस्पितळाच्या व्हरांड्यात चौतीस वर्षं ऐकलं होतं. त्याचा अर्थ भांडारातल्या हमालालाही कळायचा. हमाल मान हलवायचा आणि खोकं उचलून पुढे जायचा.

त्याने विचारलं, "दिवसातून किती वेळा?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मागतील तेव्हा."

*चहा. चालू.*

ती काही मागायचीच नाही. दोन चमचे भात, पेज, बस. चहा मात्र मागायची. आणि एक घोट घेऊन कप बाजूला ठेवायची.

"गरम पाणी छान जमलंय."

तो कोठीत गेला, डबा हलवून पाहिला, जुना पुडा तळहातावर तोलला. दोघांना महिना सहज गेला असता. तो उभा राहिला तसाच, फळीला हात लावून. मग त्याला मार्ग सुचला. पूर्ण नियमातला मार्ग.

त्या दिवसाचे कप असे:

उठल्या उठल्या एक, त्याने, उभ्याने.

दूध ठेवताना एक.

गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला एक. "घ्या हो, बसा. पळताय कुठे?" सहा वर्षं तो माणूस या दारात येत होता, चहा कधी मिळाला नव्हता. त्याने आधी कपाकडे आणि मग सिलिंडरच्या सीलकडे पाहिलं.

मीटर वाचायला आलेल्याला एक, मोठ्या पेल्यात.

नऊला, साडेदहाला, साडेअकराला एकेक, त्याने. दोन चमचे पूड जास्त घालून.

शिवणकाम करणाऱ्या बाईला दोन.

"काका, आज सूर्य कुठून उगवला? तुमच्या घरी चहाला बोलावणं?"

"प्या तुम्ही."

"आणि हा काळाकुट्ट का? पायजमा रंगवायचाय का याच्यात?"

"कडक चांगला असतो. अजून एक घ्या. तुमच्याकडे गिऱ्हाईक येतं ना दुपारी? त्यांनाही पाठवा इकडे."

बाईने आत पलंगाकडे पाहिलं. काकू डोळे मिटून हसत होत्या.

असं आठ दिवस. त्याच्या बोटांना कंप सुटला. छातीत धडधडायचं, जेवण जाईना. तो प्यायचाच. जुना पुडाही डब्यात ओतून झाला आणि डब्याच्या तळाशी पत्रा दिसायला लागला तेव्हा तो डबा घेऊन तिच्याजवळ गेला, शाळेतलं बक्षीस दाखवावं तसा.

"किती झाले आज?" तिने विचारलं. आवाज आता अगदी जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नसे.

"नऊ."

"अहो, मराल."

"उद्या संपेल. उद्या सकाळचे दोन कप, की झालं."

 एकेचाळीस वर्षांत ती त्याच्यावर कितीदा चिडली, कितीदा हसली, त्याचा हिशेब कुठल्या पट्टीवर नव्हता. आता ती चिडली नाही, हसलीही नाही. हात उचलून त्याच्या थरथरणाऱ्या बोटांवर ठेवला. तेवढ्यानेच तिला दम लागला.

"संपवा," ती म्हणाली.

*(डब्यावरची पट्टी भिजली. वाचता येत नाही.)*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डबा रिकामा झाला. त्याने तो राखेसारख्या बारीक चुऱ्यापर्यंत झटकला, धुतला, कडेकडेने बोट फिरवून पुन्हा धुतला. फडक्याने पुसला आणि झाकण उघडं ठेवून खिडकीत उन्हाला लावला.

"झाला," तो म्हणाला. "आता नवा."

"आता?"

"डबा वाळला की. आतून दमट आहे. झाकणाच्या खाचेत पाणी राहतं."

ऊन खिडकीच्या अर्ध्या चौकटीपर्यंतच आलं होतं.

"वाळू दे हो," ती म्हणाली. "ओल्यात घातला तर बुरशी येते."

हे वाक्य त्याचंच होतं. तिने ते त्याच्याच सुरात म्हटलं. तो खूश झाला. खरंच खूश झाला.

साडेअकराला त्याने डब्यात बोट घालून पाहिलं. वाळला होता. खाचेत मात्र किंचित गार लागलं. त्याने डबा उपडा केला आणि पुन्हा उन्हात सरकवला.

एकला त्याने तिला पाणी पाजलं, तेव्हा ते घशाखाली उतरलं नाही. ओठांच्या कडेने बाहेर आलं, उशीवर.

*काड्यापेट्या. बारा. उजेड हवा तेव्हाच.*

मुलगी संध्याकाळच्या गाडीने आली. रात्र आणि दुसरी सकाळ ती आईचे ओठ कापसाने भिजवत राहिली. दुपारी ते काम संपलं.

*(पट्टी नाही.)*

चौथ्या दिवशी, माणसं येऊन गेल्यावर, मुलगी मोरीत कप धूत होती. एवढे कप घरात आहेत हे तिलाही माहीत नव्हतं. खिडकीत डबा अजून उपडा होता.

"हा इथे का ठेवलाय, बाबा?"

त्याने सांगितलं. पेपरातल्या बातमीपासून सगळं, क्रमाने, काही पुढे-मागे न करता. सिलिंडरवाल्याचा कपही सांगितला.

मुलीने नळ बंद केला.

"म्हणजे नवा पुडा घरात होता."

"होता."

"मागे."

"मागे."

"बाबा, कात्रीने पुडा कापायला किती वेळ लागतो?"

तो स्टुलावर बसला होता. पाय जमिनीला टेकले होते तरी लोंबकळत असल्यासारखे दिसत होते.

"डबा ओला होता," तो म्हणाला.

मुलगी कोठीत गेली. फळीवर पुडे रांगेत होते. आता त्यांच्यापुढे काही नव्हतं. तिने पहिला उचलला आणि पट्टी वाचली. मागच्या पाचांवर ठरल्याप्रमाणे माल आणि महिना होता. त्यांच्यावर एक विनोदही होता, पाचांत मिळून पूर्ण होणारा. या पहिल्यावर आईने महिना घातलाच नव्हता.

*चहा. आजचा.*

मुलीने पुडा बाहेर आणून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने वाचलं. बराच वेळ वाचलं. दोनच शब्द होते. मग नाकाशी धरला.

"येतो का वास?" मुलीने विचारलं. आवाजात राग उरला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "तिला यायचा."

*चहा. ऑगस्ट. याच्या मागच्याने याला ढकलू नये.*

पेपरवाले म्हणाले तसंच झालं. चहा दीडपट झाला आणि मग दुकानातून गेला. शिवणकाम करणारी बाई एकदा दारात आली. हातात वाटी होती, पण पुढे केली नव्हती.

"काका, राग नका मानू. गिऱ्हाइकाला विचारायची पंचाईत होते हो. एवढीशी पूड…"

त्याने तिला अख्खा पुडा दिला. दुसऱ्या क्रमांकाचा. मग महिन्याने तिसरा. माल पुन्हा यायला लागला तेव्हा त्याने आणला आणि मागे लावला. पट्ट्या आता तोच लिहितो. अक्षर बारीक, माल आणि महिना, बाकी काही नाही.

मुलगी येते महिन्या-दोन महिन्यांनी. कोठी झाडून काढते. परवा तिने पहिला पुडा उचलून खालची छापील तारीख पाहिली.

"बाबा, याची तारीख गेली."

"माहीत आहे."

"टाकू?"

"नको."

"मग पुढे कशाला? मागे तरी ठेवते कोपऱ्यात, अडचण नाही होणार."

"पुढेच राहू दे," तो म्हणाला. "नंबर त्याचाच आहे."

तिने तो होता तिथे ठेवला, पट्टी समोर येईल असा.

सकाळी तो चहाला उठतो. डबा कोरडा असतो; नसला तरी आता तो बघत नाही. पूड संपली असेल त्या दिवशी कोठीत जाऊन स्टुलावर चढतो आणि हात पुढे करतो. हात पहिल्या पुड्यापाशी जातो, तिथे जरा थांबतो. मग त्याला वळसा घालून मागे जातो आणि मागचा नवा, ताजा पुडा काढून आणतो.